जिभेला न पोहोचणाऱ्या जागा : पाळीव मांजराची निगा कशी राखावी

मांजर स्वतःची स्वच्छता स्वतःच राखते, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो बऱ्याच अंशी खराही आहे. जागेपणीचा मोठा वेळ मांजर अंग चाटण्यात घालवते आणि हे काम ते ज्या साधनाने करते, ते साधनही विलक्षण आहे. मांजराची जीभ हाताला लागली की सँडपेपर घासल्यासारखी खरखरीत वाटते, कारण तिच्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्याच द्रव्याचे, असंख्य बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. सुटे केस आणि धूळ या काट्यांनी ओढून निघतात खरी, पण काट्यांची दिशा आतल्या बाजूला असल्यामुळे जिभेवर आलेली वस्तू मांजराला सहसा थुंकून टाकता येत नाही, ती गिळावीच लागते.

मांजराची निगा राखताना करायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका गोष्टीवरून ठरवता येतात. जीभ जिथे पोहोचत नाही तिथे आपण पोहोचायचे, आणि जिभेवाटे जे पोटात जाऊ नये ते अंगावर येऊच द्यायचे नाही.

आमच्या घरी दोन मांजरे आहेत. मनी ही आखूड केसांची, अस्सल देशी. सोसायटीच्या पार्किंगमधून वर आलेली आणि आता वयस्कर झालेली. दुसरा पर्शियन बोका. त्याचे आधीचे कुटुंब परदेशी गेल्यामुळे तो आमच्याकडे आला. पांढराशुभ्र असल्याने घरातल्यांनी त्याचे नाव ढवळ्या ठेवले. नाव बैलाचे असले तरी स्वभाव अगदी नाजूक आहे. या दोघांच्या निगेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून पुढे जे सांगितले आहे ते आपल्या मांजराच्या केसांचा विचार करूनच अमलात आणावे.

केस विंचरणे

आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा विंचरले तरी पुरते. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराला मात्र रोज विंचरावे लागते आणि त्यात सवलत नाही. यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा, सुटे केस ओढून घेणारा रबरी ब्रश आणि उवा काढण्याची बारीक दातांची फणी एवढे असले की काम भागते. तारांचा ब्रश वापरायचा असेल, तर त्याची टोके आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावीत. तिथे जेवढा दाब बोचतो, तेवढा मांजरालाही बोचतो.

विंचरण्यासाठी जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ निवडावी. खेळाच्या भरात असलेल्या मांजरापुढे कंगवा आणला, तर त्याला ती शिकारच वाटते. सुरुवात गाल, हनुवटी आणि कानांमागची जागा यांपासून करावी, कारण तिथे खाजवलेले बहुतेक मांजरांना आवडते. त्यानंतर पाठ, मग बाजू, मग शेपटी आणि अगदी शेवटी पोट, असा क्रम ठेवावा. कंगवा नेहमी केसांच्या दिशेने चालवावा आणि जिथे तो अडेल तिथे न ओढता, केसांची मुळाकडची बाजू दोन बोटांच्या चिमटीत धरून फक्त टोकाकडचा गुंता सोडवावा. असे केले की ताण कातडीवर न येता आपल्या बोटांवर येतो.

शेपटीचे टोक झटकले जाऊ लागणे, कान बाजूला पडणे किंवा पाठीवरच्या कातडीला लाटेसारखी थरथर येणे ही मांजराने दिलेली सूचना असते. ती मिळाली की त्याच क्षणी थांबावे, उरलेले काम संध्याकाळी करावे. दोन मिनिटे शांतपणे विंचरलेले मांजर उद्या पुन्हा जवळ येते. दहा मिनिटे दाबून धरलेले मांजर मात्र पुढचे आठ दिवस कंगवा दिसला की कपाटावर जाऊन बसते.

थंडी सरून ऊन वाढू लागते त्या दिवसांत हिवाळ्यातली दाट लव गळू लागते आणि तेव्हा विंचरण्याचे प्रमाण वाढवावे. न विंचरलेले हे केस मांजराच्या पोटात जातात. त्यातले बरेचसे विष्ठेवाटे निघून जातात, काही मात्र पोटात साचून लांबट, सुरळीसारख्या गोळ्याच्या रूपाने उलटून पडतात. क्वचित कधी तरी असा गोळा पडणे हे स्वाभाविक आहे. वरचेवर उलट्या होत असतील, किंवा मांजर ओकाऱ्या काढते पण काहीच पडत नाही आणि त्याने खाणेही सोडले आहे असे दिसले, तर ते पशुवैद्यांना दाखवायला हवे.

कंगवा हातात घेण्यापूर्वी दोन्ही तळवे मांजराच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा सावकाश फिरवावेत. माझ्या मते विंचरण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे. बरगड्या हाताला हलक्या दाबाने लागायला हव्यात. अजिबात लागत नसतील तर मांजर लठ्ठ झाले आहे, आणि टोचत असतील तर ते वाळले आहे. बाहेर फिरणाऱ्या बोक्यांच्या गालावर किंवा शेपटीच्या बुंध्याशी मारामारीतल्या दाताची जखम केसांखाली दडलेली असते. वरून ती टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत पू धरतो. ती गरम, दुखरी सूज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते.

जट पडल्यास

लांब केसांत जटा पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात : पुढच्या पायांच्या काखा, कानांमागचा भाग, मांड्यांच्या मधली बाजू आणि गळपट्ट्याखालचा भाग. जट जुनी झाली की कातडीला घट्ट चिकटते आणि मांजराने पाऊल टाकले की प्रत्येक वेळी कातडी ओढली जाते.

जट कात्रीने कापू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे. ढवळ्या आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या काखेत सुपारीएवढी जट होती आणि ती मी शिवणकामाच्या कात्रीने, अगदी जपून, कापायला घेतली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, त्यामुळे जट वर उचलली की कातडीही तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता आकसला. पांढऱ्या केसांवर लाल रेघ उमटलेली दिसली तेव्हा काय झाले ते मला कळले. तीन टाके घालावे लागले.

योग्य पद्धत अशी आहे. जट ओली करू नये, कारण पाण्याने ती आणखी आवळते. तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून ते बोटांनी आत चोळावे, म्हणजे केस एकमेकांवरून सरकू लागतात. मग मुळाशी बोटांची चिमूट घट्ट ठेवून, जट टोकाकडून थोडी थोडी बोटांनी फाडल्यासारखी वेगळी करावी आणि शेवटी त्यातून विरळ दातांचा कंगवा काढावा. एका बैठकीत एकच जट सोडवावी. नमद्यासारखी चिवट झालेली जट घरी सोडवण्याचा हट्ट धरू नये. ती पशुवैद्यांकडे किंवा सराईत माणसाकडून मशिनने काढून घ्यावी.

याच संदर्भात दर उन्हाळ्यात एक प्रश्न विचारला जातो : विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तर पर्शियनचे सगळे केस कापून टाकावेत का? नीट विंचरलेले केस बाहेरच्या उन्हापासूनही कातडीचा बचाव करतात, आणि केस काढलेल्या गुलाबी कातडीला ऊन थेट भाजते. त्यामुळे जटांनी अंग भरले असेल तर गोष्ट वेगळी, एरवी सरसकट केस उतरवू नयेत. सावलीची, कूलरची किंवा थंड फरशीची जागा, दोन-तीन ठिकाणी ठेवलेले पाणी आणि दुपारी ओल्या पंचाने पंजे व पोट पुसणे हे उपाय अधिक उपयोगी आहेत. चपट्या नाकाच्या मांजरांना उष्मा लवकर बाधतो. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, तर थोड्या वेळाने बरे वाटेल म्हणून वाट पाहत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

अंघोळ

निरोगी, आखूड केसांच्या मांजराला अंघोळीची गरज जवळजवळ नसते. मनीला गेल्या कित्येक वर्षांत एकदाच अंघोळ घातली, तीही ती स्कूटरखालच्या ऑइलमध्ये लोळून आली म्हणून. ऑइल, रंग, रॉकेल किंवा चिकट पदार्थ अंगाला लागला तर मात्र अंघोळ टाळता येत नाही, कारण आपण तो धुतला नाही तर मांजर तो चाटून काढणार. पर्शियनच्या शेपटीचा बुंधा आणि मानेखालचे केस तेलकट होतात, तेव्हा त्याला अधूनमधून धुणे सोयीचे पडते.

अंघोळीच्या आधी केस पूर्ण विंचरून घ्यावेत. टबात तळाशी रबरी मॅट किंवा जुना टॉवेल अंथरावा, कारण पाण्यापेक्षाही पाय घसरण्याला मांजर अधिक भिते. पाणी कोमट असावे आणि ते चार-पाच बोटांपेक्षा जास्त खोल नसावे. शॉवर न वापरता मगाने मानेपासून मागे पाणी घालावे. तोंड ओल्या फडक्याने नुसते पुसावे. शाम्पू मांजरांसाठी बनवलेलाच घ्यावा. माणसांचा, लहान बाळांचा किंवा कुत्र्यांचा शाम्पू चालत नाही, आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून रिठा-शिकेकाई वापरण्याचाही मोह टाळावा. फेस पूर्ण निघेपर्यंत धुणे महत्त्वाचे आहे, कारण उरलेला शाम्पूही अखेर जिभेवरच जातो. नंतर पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, खसाखसा चोळू नये, कारण त्याने पुन्हा गुंता होतो. पावसाळ्यात तर मुळाकडची लव कोरडी झाल्याची खात्री बोटांनी केस फाकवून करावी. ओलसर राहिलेली कातडी हे बुरशीला आमंत्रणच असते.

नखे, कान, डोळे आणि दात

मांजराला साधारणपणे १८ नखे असतात : पुढच्या पंजांना प्रत्येकी पाच, मागच्यांना प्रत्येकी चार. पंजाची गादी आणि बोटाची वरची बाजू यांना हलका दाब दिला की आत दडलेले नख बाहेर येते. नखाच्या आत गुलाबी शीर दिसते. तिच्या पुढचे पारदर्शक, आकड्यासारखे टोकच तेवढे कापावे. शंका असेल तर कमी कापावे. चुकून रक्त आले, तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. पहिल्या दिवशी एकच पंजा, किंवा एकच नख, झाले तरी पुष्कळ झाले. नखे ओरबाडण्यासाठी काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब, मांजर पूर्ण ताणून उभे राहू शकेल इतका उंच, घरात ठेवावा. जमिनीवर कधी तरी नखाचा पोकळ चंद्रकोरीसारखा तुकडा सापडतो. ते तुटलेले नख नसून गळून पडलेले जुने आवरण असते, त्यामुळे घाबरू नये. सोफा वाचवण्यासाठी नखे कायमची काढून टाकण्याचा विचारही करू नये, कारण त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते.

कानाचा डोळ्यांना दिसणारा भाग तेवढा ओलसर कापसाने पुसावा. कानात बड घालू नये आणि तेल सोडू नये. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट चुरा दिसला आणि मांजर डोके झटकत असेल, तर कानात माइट नावाचे सूक्ष्म परजीवी झाल्याचा संभव असतो. त्याचे औषध पशुवैद्यच देतील. पर्शियनच्या डोळ्यांतून पाणी वाहून नाकाच्या कडेला तपकिरी डाग पडतात. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते रोज टिपावेत आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. पिवळा-हिरवा चिपडा, किंवा एकच डोळा मिटून घेणे, हे साधे डाग नव्हेत.

हनुवटीखाली काळे, रव्यासारखे कण दिसले तर ती माती समजून खरवडू नये. ते रंध्रांत साठलेले तेल असते, आणि चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्यात खाणाऱ्या मांजरांमध्ये ते अनेकदा आढळते. आम्ही स्टीलच्या वाट्या ठेवल्या, रोज घासायला घेतल्या, आणि मनीची हनुवटी महिन्याभरात साफ झाली.

दात ३० असतात आणि त्यांच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोटाला पातळ मलमलचा तुकडा गुंडाळून, मांजरांची पेस्ट लावून, ओठ उचलून बाहेरची बाजू तेवढी चोळावी. आपली टूथपेस्ट वापरू नये, कारण मांजराला चूळ भरता येत नाही. हिरडीच्या कडेला लाल रेघ, तोंडाला दुर्गंधी किंवा एका बाजूने चावणे ही दातदुखीची लक्षणे आहेत.

पिसवा, औषधे आणि फरशीचे पाणी

पिसू चपळ असते, सहसा दिसत नाही. दिसतात ते मिरपुडीसारखे काळे कण. उवांच्या फणीने शेपटीच्या बुंध्याजवळचे केस विंचरावेत, निघालेले कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांभोवती तांबूस डाग पसरला तर ती धूळ नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. अंग चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो आणि मग गुदद्वाराजवळ तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसतात. म्हणून पिसवांवरचा उपचार आणि जंतांचे औषध यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर न राहता घरभर पडतात, तेव्हा अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने काढणे हाही उपचाराचाच भाग आहे.

इथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक आहे. कुत्र्यांसाठी असलेल्या गोचीड-पिसवांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. एका दुकानदाराने 'थोडेच लावा, काही होत नाही' असे सांगून मला अशी बाटली देऊ केली होती. लेबल वाचले म्हणून अनर्थ टळला. मांजराचे यकृत अनेक द्रव्यांचा निचरा आपल्या किंवा कुत्र्याच्या यकृताप्रमाणे करू शकत नाही. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, आणि टी ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या या वस्तूही त्याच्यापासून दूर ठेवाव्या लागतात. फिनेलने पुसलेली फरशी हा यातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे : मांजर ओल्या फरशीवरून चालते, मग बसून पंजे चाटते, आणि फरशीवरचे सगळे पोटात जाते. आमच्याकडे आता लादी साध्या पाण्याने पुसतात. जिथे काही घालावेच लागते, तिथे नंतर स्वच्छ पाण्याचा हात फिरवून ती पूर्ण कोरडी होईपर्यंत दार बंद ठेवतात.

पावसाळ्यात गोल चकत्यांनी केस गळून कातडीवर कोंडा दिसू लागला, तर गजकर्णाची शंका घ्यावी. पर्शियनमध्ये ते विशेष आढळते आणि घरातल्या मुलांनाही होते. औषधांच्या दुकानात मिळणारी माणसांची गजकर्णाची मलमे लावू नयेत. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते, त्याने बुरशी दबल्यासारखी दिसून आत पसरते, आणि मांजर मलम चाटून टाकते ते निराळेच.

खाणे आणि घमेले

केसांची चकाकी ब्रशपेक्षा ताटलीवर अधिक अवलंबून असते. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य प्राणिज आहारातूनच मिळते आणि त्याच्या अभावी दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. दूध-पोळीवर वाढवलेली मांजरे आपण सर्वांनी पाहिली आहेत, पण ती उरलेली गरज उंदीर मारून भागवत असत, फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर अजिबात देऊ नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

रेतीचे घमेले म्हणा किंवा ट्रे म्हणा, तो रोज साफ करावा, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त ठेवावा. गरोदर स्त्रीने हे काम शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावे, कारण विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यानंतर एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतो. रोजच्या सफाईचे महत्त्व यासाठीही आहे. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो पण लघवी होत नाही, असे आढळले तर तो बद्धकोष्ठ समजून रात्र काढू नये; मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

चाटणे थांबते तेव्हा

आजारी मांजर सहसा कण्हत नाही. ते अंग चाटणे सोडते. पाठीवरचे केस फाटल्यासारखे विस्कटलेले दिसू लागतात, त्यात कोंडा साचतो, आणि एरवी चकाकणारी पाठ मळकट होते. दातदुखी, सांधेदुखी, लठ्ठपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार, यांपैकी काहीही यामागे असू शकते. उलट एकच जागा चाटून चाटून उघडी पाडली जात असेल, तर तिथे खाज, वेदना किंवा मनावरचा ताण असतो.

मनी आता म्हातारी झाली आहे. तिची कंबर पूर्वीसारखी वळत नाही, त्यामुळे शेपटीच्या बुंध्याशी केस चिकटून बसतात, आणि खांबावर ओरबाडणे कमी झाल्यामुळे नखे वाढून गादीत रुतण्याची भीती असते. तिची नखे आता दर पंधरवड्याला पाहावी लागतात. संध्याकाळी कोमट पाण्यात पिळलेले मऊ फडके घेऊन तिच्या पाठीवरून आखूड, किंचित दाबलेले फटकारे मारतो, तिची आई जिभेने मारत असेल तसे, आणि मग फणीने तेवढीच जागा उलगडतो. काम संपायच्या आत ती पुढचा पंजा उचलून चाटायला लागते आणि तो कानामागून तोंडावर फिरवते. तिथे अजून तिचा हात पोहोचतो, म्हणून ती जागा मी तिच्यावरच सोडतो.